कॉलेजच्या अभ्यास-मदत केंद्रात विद्यार्थी-ट्यूटर म्हणून काम: सीमाभागातल्या मुलामुलींसाठी

खानापूर किंवा निपाणीकडची मराठी माध्यमातली मुलगी दहावीनंतर पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, सायन्स घेते. गती, बल, कार्य हे सगळं ती शिकून आलेली असते. पण फळ्यावर ‘मोमेंटम’ लिहिलं जातं आणि हा आपला संवेगच आहे हे तिला तीन आठवडे कळत नाही. तोवर धडा संपतो, पहिली चाचणी होते आणि ‘मला फिजिक्स जमत नाही’ असं तिच्या मनात बसतं. डिग्रीच्या पहिल्या वर्षाला कॉमर्सवाल्यांचं तेच होतं, इंजिनिअरिंगला तेच. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या कॉलेजात अभ्यासाला मदत करणारं केंद्र असेल, तर तिथे सगळ्यात उपयोगी माणूस म्हणजे वर्ष-दोन वर्षं पुढे असलेला, मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हींत बोलू शकणारा विद्यार्थी. हे काम कसं मिळवायचं आणि कसं करायचं, ते पुढे दिलं आहे.

काम कुठे असतं

आपल्याकडे दारावर ‘ट्यूटरिंग सेंटर’ अशी पाटी क्वचितच असते. हेच काम रेमेडियल क्लास, ब्रिज कोर्स, मेंटॉर योजना, लँग्वेज लॅब अशा नावांनी चालतं. नोटीस बोर्डवर शोधत बसण्यापेक्षा आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकांना भेटा. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनासाठी, अभ्यासात मागे पडणाऱ्यांसाठी आणि पुढे असणाऱ्यांसाठी आपण काय करतो याची माहिती कॉलेजं ठेवतात. त्यामुळे त्या कामाची फाइल त्यांच्याकडे असते आणि कामाला माणसं हवी असतात.

आपलं कॉलेज कुठल्या विद्यापीठाखाली येतं, हे आधी पक्कं करून घ्या. बेळगावातली डिग्री कॉलेजं बहुतेक राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली येतात. हे विद्यापीठ २०१० साली भुतरामहट्टीला झालं. इंजिनिअरिंग कॉलेजं १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाखाली, म्हणजे व्हीटीयूखाली. त्याचं मुख्यालयही बेळगावातच आहे. निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरचं देवचंद कॉलेज मात्र महाराष्ट्रात येतं आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. राहायला कर्नाटकात आणि शिकायला महाराष्ट्रात अशी कितीतरी मुलं तिथे आहेत. विद्यापीठ बदललं की भाषेचा पेपर, अंतर्गत गुण आणि परीक्षेच्या तारखा बदलतात. ट्यूटरला हे माहीत नसेल तर तो चुकीच्या अभ्यासक्रमावर तास घालवतो.

पगारी जागाच नसेल तर प्राचार्यांना एक पानी प्रस्ताव द्या. ‘कमवा आणि शिका’ हे नाव वापरा. ही कल्पना रुजवणाऱ्या रयत शिक्षण संस्थेची स्थापना १९१९ सालची, आणि तिचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटलांचं जन्मगाव कुंभोज इथून फार लांब नाही. श्रम करून शिकायची ही वाट या भागातल्या शिक्षकांना समजावून सांगावी लागत नाही. प्रस्तावात चारच गोष्टी हव्यात: कोणता विषय, आठवड्याला किती तास, कोणती खोली, कोणत्या शिक्षकांच्या देखरेखीखाली. ‘विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास’ वगैरे लिहू नका. मागच्या सेमिस्टरला ज्या विषयात जास्त मुलं नापास झाली तो एकच विषय घ्या आणि आठ आठवड्यांपुरती परवानगी मागा. लहान मागणी लवकर मंजूर होते.

कोणतं काम तुमच्यासाठी

सगळ्यांना शिकवण्याचंच काम मिळतं असं नाही. एकास एक विषय समजावणारा ट्यूटर असतो, सहा-सात जणांचा गट घेणारा असतो, सेमिनार आणि प्रोजेक्ट रिपोर्टच्या लेखनात मदत करणारा असतो, टेबलावर बसून नावं नोंदवणारा आणि वेळा ठरवणारा असतो. टेबलाचं काम कमी लेखू नका. पहिल्यांदा आलेला मुलगा दारातून आत येणार की परत फिरणार, हे टेबलावरच्या माणसाच्या एका वाक्यावर ठरतं.

आणखी एक काम म्हणजे दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी लेखनिक होणं. याचे नियम वेगळे आहेत. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उमेदवार स्वतःचा लेखनिक आणत असेल तर लेखनिकाचं शिक्षण उमेदवाराच्या शिक्षणापेक्षा एक पायरी खालचं असावं लागत होतं, आणि परीक्षेला तासामागे किमान २० मिनिटं जादा मिळतात. म्हणजे बीएच्या शेवटच्या वर्षातला मुलगा बीएच्याच विद्यार्थ्याचा लेखनिक व्हायला गेला तर अडचण येते. पीयूसीचा विद्यार्थी शोधावा लागतो. या सूचना २०२५ मध्ये बदलल्या आहेत, तेव्हा आताचा नियम आधीच विचारून घ्या; परीक्षेच्या आदल्या दिवशी कळून उपयोग नाही.

अर्ज

अर्ज अर्ध्या पानाचा पुरतो. ज्या विषयाला मदत करणार त्या विषयातले गुण किंवा ग्रेड, कोणत्या सेमिस्टरला पास झालात, कोणत्या भाषा बोलता आणि कोणत्या लिहिता-वाचता, आठवड्यातले मोकळे तास, आणि तुम्हाला ओळखणाऱ्या एका शिक्षकाचं नाव. बोलणं आणि लिहिणं वेगळं सांगा. बेळगावातल्या पुष्कळ मराठी मुलांना कन्नड बाजारात बोलता येतं, पण कन्नड परिच्छेद सफाईने वाचता येत नाही. ते लपवलं तर पहिल्याच आठवड्यात उघडं पडतं.

त्या विषयात स्वतःचा बॅकलॉग नसावा, हे तर झालंच. पण वर्गात पहिला येणाराच चांगला ट्यूटर होतो असं नाही. ज्याला तो विषय एकदा अडला होता आणि नंतर सुटला, त्याला गाठ कुठे बसते हे माहीत असतं. निवड करणाऱ्या सरांना हे सांगायला लाजू नका: ‘मला बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे वही आणि पासबुकाची जुळवणी, दुसऱ्या सेमिस्टरला कळत नव्हतं, आता कळतं.’

मुलाखतीत बहुतेक वेळा एखादी संकल्पना समजावून सांगायला लावतात. तिथे भाषण ठोकू नका. आधी समोरच्याला काय माहीत आहे ते विचारा आणि मग सुरू करा. पाहणाऱ्याला तेवढंच पाहायचं असतं.

तास आणि पैसे

कॉलेजच्या दिवसांत आठवड्याला ६ ते ८ तास पुरेसे. १० च्या वर गेलात की स्वतःचे प्रॅक्टिकल आणि असाइनमेंट मागे पडतात. एका वेळी दोन तासांपेक्षा जास्त बसू नका. तिसऱ्या तासाला माणूस ऐकणं सोडून उत्तरं सांगायला लागतो. स्वतःच्या परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे सुट्टी मिळेल का, हे कामावर येण्याआधी ठरवून घ्या. कारण तुम्हाला सुट्टी हवी असते नेमक्या त्याच दिवसांत मुलांची गर्दी असते. यावर एकच उपाय चालतो: वेगवेगळ्या वर्षांतले, वेगळ्या तारखांना परीक्षा असलेले ट्यूटर एका विषयाला जोडीने नेमायचे.

मानधनाबद्दल चार प्रश्न आधीच विचारा. तासावर की महिन्यावर? तयारीचा आणि नोंदी लिहिण्याचा वेळ धरतात का? मूल आलंच नाही तर तो तास धरतात का? हजेरीवर सही कोणाची? सहा तास शिकवायचं तर तयारी आणि नोंदींना दीड तास सहज जातो. तो धरला नाही तर मानधन दिसतं त्यापेक्षा बरंच कमी पडतं. पैसे रोख घेऊ नका. बँक खात्यात घ्या आणि सही झालेल्या हजेरीचा फोटो दर महिन्याला स्वतःजवळ ठेवा. शिष्यवृत्ती मिळत असेल तर या मानधनाने तिला बाधा येते का, हे कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागाला लेखी विचारून घ्या.

बस, सण आणि वेळापत्रक

इथल्या केंद्राचं वेळापत्रक घड्याळापेक्षा शेवटच्या बसवर चालतं. खानापूर, लोंढा, येळ्ळूर, कडोलीकडची मुलं चारनंतर थांबायला तयार नसतात. मुलींना जून २०२३ पासून कर्नाटकाच्या सरकारी बसमध्ये शक्ती योजनेमुळे तिकीट लागत नाही, त्यामुळे मधल्या वेळी येऊन-जाऊन करणं त्यांना जमतं. पण ही सवलत राज्यातल्या रहिवासी महिलांसाठी आहे. चंदगड किंवा गडहिंग्लजकडून येणाऱ्या मुलीला ती मिळत नाही. महाराष्ट्राच्या एसटीत तिला अर्धं तिकीट लागतं. म्हणून सीमेपलीकडून येणाऱ्यांना दोन छोटे तास वेगवेगळ्या दिवशी देण्यापेक्षा एकाच दिवशी ९० मिनिटं द्या, मधे दहा मिनिटांची सुट्टी ठेवून.

सणांचे दिवसही आधी काढून ठेवा. बेळगावची गणेश विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक इथे वैशाखात तिथीप्रमाणे निघते. मंडळात काम करणारी मुलं त्या आठवड्यात येणार नाहीत, आणि हा आळस धरून त्यांचं नाव काढून टाकणं अन्यायाचं होईल. तास आधीच पुढे-मागे करा. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपास शहरात रस्ते बंद असतात आणि वातावरणही तापलेलं असतं, तेव्हा त्या दिवसांत बाहेरगावच्या मुलांना बोलावू नका.

पहिला तास

५० मिनिटांचा तास असा वाटा. पहिली पाच मिनिटं: कशासाठी आलास, काय करून पाहिलंस, कुठे अडलं. पुढची पाच: आज नेमकं काय साधायचं ते एका वाक्यात ठरवून वहीत लिहायचं, तेही त्याच्या हाताने. मग पंचवीस मिनिटं काम. शेवटच्या दहांत त्याने एक नवं उदाहरण तुमच्या मदतीशिवाय करायचं. उरलेल्या वेळात पुढच्या भेटीचं ठरवायचं आणि नोंद लिहायची. ते नवं उदाहरण बहुतेक ट्यूटर वेळ संपला म्हणून गाळतात. तेच गाळलं तर मूल ‘समजलं’ म्हणून जातं आणि चाचणीत कोरा कागद देतं.

बसायचं समोर नाही, शेजारी. मूल उजव्या हाताने लिहीत असेल तर त्याच्या डाव्या बाजूला बसा, म्हणजे त्याचा हात कागद झाकत नाही आणि ओळ चुकते तिथेच तुम्हाला दिसते. डावखुऱ्याच्या उजवीकडे बसा. पेन त्याच्याच हातात ठेवा. तुमच्या हातात पेन आलं की गणित तुम्ही सोडवायला लागता, आणि हे इतक्या सहज घडतं की टेबलावर दुसरं पेन न ठेवणंच बरं. आकृती काढून दाखवायची असेल तर वेगळ्या कच्च्या कागदावर काढा आणि त्याला ती स्वतःच्या वहीत पुन्हा काढायला लावा.

प्रश्न विचारला की थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांची निरीक्षणं केली. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एका सेकंदाएवढंच थांबत होते. तीन सेकंद थांबले तेव्हा मुलांची उत्तरं लांब आणि जास्त विचार केलेली यायला लागली. आपल्याकडे मुलाला प्रश्न इंग्रजीतून मराठीत आणि उत्तर मराठीतून इंग्रजीत न्यायचं असतं. तिथे पाच-सात सेकंद शांत बसायला शिका. मनात आकडे मोजा.

‘दादा, एवढं गणित सोडवून द्या की,’ असं कोणी ना कोणी म्हणणारच. उत्तर सरळ द्या: ‘कुठपर्यंत आलंय ते दाखव, पुढची ओळ आपण दोघं मिळून काढू.’ काहीच केलेलं नसेल तर प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा. दिलेलं काय आणि काढायचं काय, हे दोन रकाने त्याला भरू द्या. अर्धी अडचण तिथेच सुटते.

‘समजलं का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ येतं. त्याऐवजी ‘ही तिसरी ओळ कुठून आली ते मला सांग’ असं विचारा.

तीन भाषांची वही

सीमाभागातल्या ट्यूटरचं मुख्य हत्यार हेच आहे. दर विषयाला एक शंभरपानी वही करा आणि चार रकाने आखा: मराठी शब्द, इंग्रजी शब्द, त्याचा देवनागरीत उच्चार, आणि चिन्ह किंवा एकक. कन्नड माध्यमातली मुलं येत असतील तर पाचवा रकाना कन्नडचा. एका धड्याला १५ ते २० शब्द पुरतात. त्याहून जास्त लिहून दिलेत तर कोणी वाचत नाही.

शब्द कुठे सारखे आणि कुठे वेगळे, हे नीट पाहा. बल आणि संवेग हे शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये सारखेच चालतात. त्यामुळे दोन्ही माध्यमांची मुलं एका टेबलावर बसू शकतात. पण ॲक्सिलरेशनला मराठीत त्वरण आणि कन्नडमध्ये वेगोत्कर्ष. कन्नड माध्यमातल्या मुलाला ‘त्वरण’ म्हणून काहीच उमगत नाही. बोलण्यात आपण वेग आणि चाल एकच धरतो, पुस्तकात मात्र चाल म्हणजे स्पीड आणि वेग म्हणजे व्हेलॉसिटी, दिशेसकट. गोल फिरणाऱ्या वस्तूची चाल तीच राहून वेग बदलतो, हे वाक्य मुलाकडून तिन्ही भाषांत म्हणवून घ्या.

वजन आणि वस्तुमानाचाही असाच घोळ. दुकानात वजन किलोत असतं, फिजिक्सच्या पेपरात ते न्यूटनमध्ये. ६० किलो वस्तुमानाचं वजन ६० गुणिले ९.८, म्हणजे ५८८ न्यूटन. मुलगा ‘वेट’ खाली ६० लिहितो तेव्हा त्याला सूत्र येत नसतं असं नाही. त्याच्या कानातला शब्द दुकानातला असतो.

कॉमर्सला तर आपल्याकडे जुने, भक्कम शब्द आहेत: रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, घसारा. ज्याच्या घरी किराणा किंवा अडत दुकान आहे त्याला ते ऐकून माहीत असतात. जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, बॅलन्स शीट, डिप्रिसिएशन त्यांना थेट जोडून द्या. बँकेच्या जुळवणीत सगळेच अडतात, त्याचं कारण एक आहे. आपण बँकेत पैसे भरले की आपल्या वहीत बँक खातं डेबिट होतं, पण पासबुकात तीच रक्कम क्रेडिटला दिसते, कारण पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे आणि बँकेच्या दृष्टीने ते तिने आपल्याला द्यायचं देणं. ‘वही कोणाची?’ हा प्रश्न प्रत्येक नोंदीला विचारायची सवय लावा. दहा नोंदींत गोंधळ मिटतो.

समजावणं मराठीत, लिहिणं परीक्षेच्या भाषेत. हा क्रम मोडू नका. सगळा तास मराठीत घेऊन मुलाला पाठवलंत तर त्याला समजेल, पण पेपरात लिहिता येणार नाही. दर तासाला किमान चार वाक्यं त्याने इंग्रजीत स्वतः लिहावीत आणि तुम्ही त्यातली फक्त अर्थ बदलणारी चूक दाखवावी. आर्टिकल आणि स्पेलिंग सारखं दुरुस्त करत बसलात तर तो लिहायचंच थांबतो.

प्रश्नाचा पहिला शब्द

उत्तर येत असून गुण जातात ते बऱ्याचदा इथे. ‘डिफाईन’ला एक-दोन ओळींची व्याख्या, हवं तर एक उदाहरण. ‘स्टेट’ला नियम जसाच्या तसा, सिद्धता नको. ‘डिराईव्ह’ला पायरी-पायरीने सूत्र काढायचं, आकृती आणि गृहीतकं लिहून. ‘डिस्टिंग्विश’ला दोन रकाने आणि दोन्हीकडे समोरासमोर मुद्दे. एकीकडचे पाच मुद्दे लिहून मग दुसरीकडचे पाच लिहिले तर तुलना होत नाही. ‘जस्टिफाय’ला आधी हो किंवा नाही, मग कारण. मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढा आणि मुलांकडून फक्त हे शब्द अधोरेखित करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पहिल्या महिन्यात एवढा फायदा दुसऱ्या कशाने होत नाही.

कन्नडचा पेपर

व्हीटीयूच्या पहिल्या वर्षाला कन्नड न येणाऱ्यांसाठी ‘बळके कन्नड’ आणि येणाऱ्यांसाठी ‘सांस्कृतिक कन्नड’ असतं. आपलं मूल कोणत्या पेपरात बसतं हे प्रवेशाच्या वेळीच बघायला लावा. शाळेत कन्नड शिकलेल्याने चुकीचा पेपर भरला तर नंतर बदलताना धावपळ होते.

मदत करताना लिपीपासून सुरुवात करा, आणि तीही स्वरांपासून. कन्नडमध्ये ए आणि ओ हे दोन्ही स्वर ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. मराठीत हा फरक लिहिला जात नाही. ‘कोडु’ ऱ्हस्व ओ घेऊन म्हटलं तर ‘दे’, दीर्घ ओ घेऊन म्हटलं तर ‘शिंग’. मराठी मुलं दोन्ही एकाच चिन्हाने लिहितात आणि तिथे गुण जातात. अशा दहा जोड्या करून एकाने म्हणायच्या, दुसऱ्याने लिहायच्या. ळ दोन्ही भाषांत आहे, तो शिकवायला वेळ घालवू नका. बसची पाटी आणि दुकानाचा फलक वाचणं हा सगळ्यात चांगला गृहपाठ, रोजचा आणि फुकट.

गट घ्यायचा असेल तर

जिथे दरवर्षी पुष्कळ मुलं नापास होतात त्या विषयाला एकास एक ट्यूटर पुरत नाहीत. यासाठीची एक पद्धत १९७३ साली अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत सुरू झाली: विषय चांगला झालेला विद्यार्थी त्याच वर्गात पुन्हा बसतो, नोट्स घेतो आणि आठवड्यातून दोन-तीनदा गट घेतो. तिच्यात विद्यार्थ्याला ‘कच्चा’ म्हणून निवडत नाहीत; अवघड विषय निवडतात आणि दार सगळ्यांना उघडं ठेवतात. आपल्याकडे ‘स्लो लर्नर’ची यादी नोटीस बोर्डवर लावतात, त्यापेक्षा हे कितीतरी बरं. यादीत नाव आलेली मुलं लाजेने येत नाहीत आणि ज्यांना थोड्या मदतीची गरज असते ती यादीतच नसतात.

गट सहा ते आठचा ठेवा. दहाच्या वर गेला की तो वर्ग होतो आणि तुम्ही फळ्यापाशी जाता. खडू मुलांच्या हातात द्या. एकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी दुसऱ्या मुलाने द्यायचं आणि तुम्ही शेवटी. गटात कन्नड आणि मराठी दोन्हीकडची मुलं असतील तर दोघा-दोघांच्या जोड्या मिसळून लावा. काम इंग्रजी पुस्तकावर चालतं, बोलणं ज्याला जे जमेल त्या भाषेत. केंद्रात भाषेवरून वाद निघाला तर तो तिथेच थांबवा आणि पुस्तक उघडा. समोरच्याने कोणत्या भाषेत बोलायचं हे तोच ठरवेल, तुम्ही त्याच्या भाषेत निदान दोन वाक्यं बोलायचा प्रयत्न करा.

बिघडतं कुठे

असाइनमेंट करून देणं हा पहिला धोका. लेखनाच्या मदतीत तर सीमारेषा पुसट असते. रचना सुचवा, प्रश्न विचारा, चूक दाखवा. वाक्य लिहून देऊ नका. शिक्षकांना तुमची भाषा ओळखू येते आणि गोत्यात मूल येतं.

दुसरं, तेच मूल रोज येणं. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा एकाच विषयाला कोणी येत असेल तर पुढच्या भेटीआधी त्याने एकट्याने काय करून आणायचं ते लिहून द्या, आणि केलं नसेल तर भेट पंधरा मिनिटांचीच ठेवा.

एखादी गोष्ट तुम्हाला येत नसेल तर ‘उद्या पाहून सांगतो’ म्हणा आणि खरंच सांगा. चुकीचं सांगितलं गेलं असेल तर त्याच दिवशी कळवा. सरांनी वर्गात चूक केली असं मूल म्हणालं तर त्यावर मत देऊ नका. पुस्तकातलं पान काढा आणि प्रश्न सरांनाच विचारायला पाठवा. हे काम शिक्षकांच्या विश्वासावर टिकतं.

केंद्रात येणाऱ्यांना बाहेर पैसे घेऊन शिकवू नका, एकालाही. एकदा घेतलेत की केंद्रात तुम्ही मुद्दाम अर्धवट शिकवता अशी शंका येते.

कोणाला काय येत नाही, हे केंद्राबाहेर जाऊ देऊ नका. बेळगाव मोठं असलं तरी गल्ली आणि मंडळं एकमेकांना ओळखतात. नोंदवहीत तारीख, वेळ, विषय, धडा, काय झालं, पुढे काय, एवढंच लिहा. गुण, जात, घरची परिस्थिती लिहू नका. व्हॉट्सॲप गट केलात तर फक्त वेळा कळवण्यासाठी करा. एकास एक तास ग्रंथालयात किंवा दार उघडं असलेल्या खोलीतच घ्या. हे मुलींच्या इतकंच तुमच्याही सुरक्षिततेसाठी आहे. मुलगी अस्वस्थ करणारं काही सांगू लागली तर तपास करत बसू नका, कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे कसं जायचं ते सांगा आणि हवं असेल तर सोबत जा. रडणारं, झोप उडालेलं, जगण्यावरच वैतागलेलं मूल आलं तर तास थांबवा आणि त्याला समुपदेशकांकडे किंवा विश्वासातल्या शिक्षकांकडे स्वतः पोहोचवा.

अमेरिकेत हेच काम करायचं असेल तर

बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून एमएसला जाणाऱ्यांना हा अनुभव तिथे थेट उपयोगी पडतो. तिथे लर्निंग सेंटर किंवा ट्यूटरिंग सेंटर हा विद्यापीठाचा रीतसर विभाग असतो आणि ट्यूटर, गटप्रमुख, लेखन सल्लागार, टेबल सांभाळणारे अशा जागा विद्यार्थ्यांसाठीच असतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र सुरू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं, आणि ते कॅम्पसवरच्या सगळ्या नोकऱ्या मिळून. एकीकडे १५ आणि दुसरीकडे ८ केले तर नियम मोडतो, आणि त्याचा फटका व्हिसाच्या दर्जाला बसतो. आधी नोकरीचं पत्र मिळतं, मग आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचं पत्र, मग सोशल सिक्युरिटी नंबरचा अर्ज. हा क्रम उलटा होत नाही. काम सुरू झाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत आय-९ या ओळख आणि कामाची परवानगी तपासणाऱ्या फॉर्मची पडताळणी पुरी व्हावी लागते, म्हणून मूळ पासपोर्ट आणि विद्यापीठाने दिलेला आय-२० फॉर्म जवळ ठेवा. विद्यार्थ्याची माहिती १९७४ च्या फर्पा कायद्याखाली गोपनीय असते. मुलाच्या आईवडिलांचा फोन आला तरी तुम्ही काही सांगायचं नसतं, हे आपल्याकडून गेलेल्यांना सुरुवातीला जड जातं. अनेक केंद्रं सीआरएलए या संस्थेच्या मान्यतेने ट्यूटरना प्रमाणपत्र देतात. पहिल्या पातळीला किमान १० तास प्रशिक्षण आणि २५ तास प्रत्यक्ष शिकवणं लागतं.

काम सोडताना

जाण्याआधी एक महिना सांगा. शब्दांच्या वह्या केंद्रातच ठेवा, पुढच्या ट्यूटरला दोन तास शेजारी बसवून काम दाखवा, आणि कोणत्या धड्याला मुलं नेहमी अडतात त्याची पानभर यादी द्या. प्राचार्यांकडून पत्र घ्या: विषय, कालावधी, एकूण तास, कोणत्या भाषांतून काम केलंत. ‘चांगलं काम केलं’ एवढंच लिहिलेलं पत्र पुढे कोणी वाचत नाही. तासांचा आकडा तुमच्याकडच्या हजेरीच्या फोटोंवरून काढून त्यांना आधी टाइप करून द्या, म्हणजे सहीला आठवडा लागणार नाही.